छायाचित्र क्रमांक सतरा

खिळे मीच ठोकले.
या भिंतीत कुठे लाकूड लागतं, कुठे नुसता पोकळ गिलावा,
हे माझ्या बोटांना पाठ आहे.
ग्रूबर बंधूंचं जोड्यांचं दुकान होतं इथे,
अकरा वर्षं मी याच फरशीवर गुडघा टेकून
गावाच्या पावलांची मापं घेतली.

आता चाळीस फोटो.
दारावर कापडी फलक : 'मेन स्ट्रीट पुन्हा उभी राहतेय'.
कागदी पेल्यांत सफरचंदाचा रस,
आणि महापौरबाईंचं भाषण,
त्यातलं अर्धं माइकनंच गिळलं.

फोटो चांगले आहेत, खोटं कशाला बोलू.
टेस लिंडक्विस्टनं भल्या पहाटे उठून काढलेत :
नदीवरून येऊन गटाराच्या जाळीवर बसलेलं धुकं,
बंद थिएटरच्या पाटीवर उरलेली तीन अक्षरं,
बँकेच्या पायरीतून वर आलेलं झाड,
जे उपटावं की त्याला पाणी घालावं
यावर नगरपालिकेच्या दोन बैठका झाल्या.

सतराव्यापाशी कुणी थांबत नव्हतं.
विटांची तीन मजली इमारत, खाली बंद फार्मसी.
पट्टीवर छापलेलं : 'रिकामी, १९९८ पासून.'

ओरीथा बिग्ज काठी टेकत आली.
चष्मा कपाळावरून नाकावर घेतला
आणि बघत राहिली,
शाळेच्या ग्रुपफोटोत आपलं पोर शोधावं तशी.
मग म्हणाली, "तो पडदा माझा आहे."

तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी.
पिवळ्या ठिपक्यांचा. एक कोपरा जरासा सरकलेला.

"जागीच होते मी. एवढ्या थंडीत
खाली कोण बाई उभी आहे, बघत होते.
कॉफीला बोलावणार होते,
पण खिडकी वर सरकेना."

टेसनं हातातला पेला उगाच दुसऱ्या हातात घेतला.

माझ्या कानामागची पेन्सिल ओरीथानं न विचारता काढली,
'रिकामी'वर एक आडवी रेघ मारली
आणि खाली, शाळेत शिकवतात तशा गोल अक्षरात, लिहिलं :
'बेल बिघडली आहे. हाक मारा.'

फ्रेम तिच्या हातानं थोडी तिरकी झाली.
सरळ करायला मी पुढे झालो, आणि तसाच थांबलो.

साडेसात नंबर. डावा पाय किंचित मोठा.
दर सप्टेंबरला काळे, बिनटाचेचे.
सगळं लक्षात होतं माझ्या.
राहता कुठे, हे तेवढं
कधी विचारलं नव्हतं.