उंबऱ्यावरची हजेरी

खडेबाजारातून मी चांदण्यांचा कागद आणला,
रुपेरी, पाठीला डिंक लावलेला.
तक्त्यावर सव्वीस नावं, नावांपुढे मोकळी जागा.
पहिला आठवडा वर्गाचं मोहोळ झालं.

तिसऱ्या आठवड्यात साक्षता,
भेळीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी,
गोष्टीचं पुस्तक न उघडता मला विचारते,
"बाई, हे वाचलं तर किती चांदण्या?"

हातातला खडू हातातच राहिला.

मोनेशपुढे एकही नव्हती.
नाव घेतलं की तो उभा राहतो
आणि दुकानाचं शटर पडावं तसा बंद होतो.
रताळी निघाली तेव्हा अर्धा पट शिवारात.
मीही गेले, पोरं शोधायला.
बांधावर तो व्यापाऱ्याला तोंडावर सांगत होता,
"मामा, पोत्याचं वजन वजा करा की!"
मला पाहिलं, पुन्हा शटर.

आता त्याला उभा करत नाही.
फळा पुसायला बोलावते,
आणि वर्गाकडे त्याची पाठ असताना
हळूच विचारते, सत्तावीस आठे?
डस्टर न थांबवता तो म्हणतो, दोनशे सोळा.

बसम्माच्या घरी कन्नड.
माझा प्रश्न तिच्या पोटात उतरतो,
तिथं ओंदु, एरडु होतो,
मग मराठीत चढून वर येतो
बेळगुंदीच्या बसगत, उशिरा, पण भरून.
आधी मी म्हणायचे, आटप लवकर.
आता मनात नऊपर्यंत मोजते.
शाळेच्या पाटीवर कुठली भाषा वर असावी
याचं भांडण गावात अजून मिटलेलं नाही.
त्या नऊ आकड्यांत मात्र कुणी भांडत नाही.

तक्ता काढला त्या दिवशी साक्षता रडली.
सतरा चांदण्या होत्या, तिनं मिळवलेल्या.
मी चुकले का, अजून कळलेलं नाही.
पंधरा दिवस पुस्तकाला हात नाही.
परवा बिसीऊटाच्या रांगेत पाहिलं,
दुधाच्या पावडरीच्या पिशवीवरची कन्नड अक्षरं
बसम्माकडून लावून घेत होती,
ताट रिकामं, रांग पुढं गेलेली.

आणि भरमू. भरमूचं काय करू?
आत येत नाही, घरीही जात नाही.
उंबऱ्यावर बसतो, एक पाय वर्गात, एक पाय व्हरांड्यात.
"काय करूलालास रे?"
"ऐकूलालोय की, बाई."
आत ये म्हटलं की उठून चिंचेखाली.
काही न म्हटलं की परत उंबरा.

तालुक्याचे साहेब आले, विचारलं,
हा कुठल्या गटात? पुढचा, मधला, मागचा?
मी म्हटलं, दारातला.
त्यांच्या फॉर्मात तो रकाना नव्हता.

मी रोज त्याच्या नावापुढे हजर लिहिते.
वारा सुटला की शेजारच्या वर्गाचं दार आपटतं,
आमचं नाही. त्याची पाठ असते दाराला.
हे जूनपासून चाललं होतं.
मला मार्गशीर्षात दिसलं.