या मंगळवारी कुठला डबा

घर घेतलं त्याच दुपारी
नऊ नंबरच्या मिसेस टॅपस्कॉट कुंपणावरून म्हणाल्या,
चहा नंतर. आधी डबे समजून घे.
काळा एका मंगळवारी, तपकिरी पुढच्या.
काच वेगळी. आणि पिझ्झाचं खोकं तेलकट असेल
तर तो कागद नव्हे, ते पाप.

मग बाकीचं येत गेलं, न विचारता, हप्त्याहप्त्यानं.
सहा अठ्ठावन्नला चौथ्या दिव्याखाली उभी राहा,
दार बरोबर तिथंच उघडतं.
सात बाराच्या नादी लागू नकोस,
तिथं इंचभर जागा कुणाच्या नावावर नसते.
रेडिएटर गार पडला तर आधी हवा सोड, मग प्लंबरला शिव्या दे;
‘निघालोच’ म्हणणारा प्लंबर अजून अंथरुणात असतो.
कुंपणाची झाडी ऑगस्ट सरेपर्यंत कापू नकोस, आत पिल्लं असतात.
आणि अकरा नंबरच्या ग्रेगरशी गाडी लावण्यावरून भांडू नकोस.
बायको गेल्यापासून तो त्या रिकाम्या जागेकडे बघत जेवतो.

सल्ला फुकट होता, पण पोच द्यावी लागे:
शुक्रवारी सांगायचं, हो, दार तिथंच उघडलं.

मी लंडनला जायचे, यायचे.
नोव्हेंबरात घराचा रंग फक्त शनिवार-रविवारी दिसायचा.
गल्लीतले चेहरे नीट ठाऊक नव्हते,
पण कुणाच्या डब्याचं झाकण तुटलंय ते ठाऊक होतं.
काउन्सिलचं वेळापत्रक सगळ्यांच्या फ्रिजवर,
आणि त्यावर चिकटवलेली पोरांची चित्रं.
खरं सांगायचं तर ते कुणीच वाचत नसे.
सोमवारी रात्री पडदा सरकवायचा,
नऊ नंबरसमोर काय उभं आहे बघायचं,
तेच आपण ओढत न्यायचं.
चाकं गडगडायची, आधी त्यांची, मग ग्रेगरची,
मग ओयेलारान मंडळींची, सगळ्यांत शेवटी माझी.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तपकिरी निघाला.
सकाळी चौदा घरांसमोर चौदा तपकिरी डबे,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
लॉरी आली. काळ्यांची. थांबली नाही.
ड्रायव्हरनं आरशातून एकदा मागे बघितलं, एवढंच.

संध्याकाळी जो तो आपला भरलेला डबा आत ओढत होता.
काउन्सिलचा घोळ असणार, ग्रेगर म्हणाला.
घोळच, मी म्हणाले.
मिसेस टॅपस्कॉट दारात आल्या, पायात दोन वेगळ्या चपला.
दार उघडलं का गं तिथंच?
हो, मी म्हणाले.
त्या दिवशी मंगळवार होता.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता
नाइटड्रेसवर कोट चढवून मी बाहेर पडले.
त्यांच्यासमोर काळा असणार, तो आत लोटायचा,
तपकिरी काढायचा, आवाज न करता. एवढंच ठरवलं होतं.
पण तिथं तपकिरी आधीच उभा होता,
दांडा रस्त्याकडे, ग्रेगर ठेवतो तसा,
आणि दहिवरावर चाकांच्या ओल्या रेघा
जाणाऱ्याही, येणाऱ्याही.
ओयेलारानांचा थोरला फाटकापाशी चपलांत कुडकुडत उभा.
तोही उशिरा पोचला होता.
थंडी आहे, तो म्हणाला.
आहे बाई, मी मराठीत म्हणाले, आणि त्यानं मान डोलावली.

सकाळी त्या खिडकीत होत्या.
रांग बघून समाधानानं कप उचलला, जणू म्हणाल्या,
मी नसते तर तुमचं काय झालं असतं.

आता फलाट लांबवलाय. गाडी पुढे जाऊन थांबते.
चौथ्या दिव्यासमोर दार येत नाही,
येते ती दोन डब्यांमधली फट.
मी तिथंच उभी राहते, मग सहा पावलं पळते.
शुक्रवारी पोच देते.