खालचा लूपर

ओउलूत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
आयला केत्तुनेन आत आल्या, बुटांवरचा बर्फ झटकला,
म्हणाल्या, ओव्हरलॉक दाखव.

मी सगळ्यात महागडं पुढे केलं.
चोवीस टाके, म्हणालो,
शिवाय हवेच्या फुंकरीनं दोरा आपोआप ओवला जातो.
"मला नातवंडं पाच,
टाके लागतात तीन.
आणि हे बिघडलं तर मी कुणाला फुंकर घालू?"

मग पिशवीतून स्वतःची कापडं काढली.
धुऊन धुऊन सैलावलेली जर्सी,
पडद्याचं झिरझिरीत,
दशा सुटलेला लोकरीचा तुकडा.
दुकानातल्या कडक सुती चिंधीवर
कुठलंही मशीन पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं वागतं,
हे त्यांना ठाऊक होतं.

मधल्या किमतीच्या मशीनवर जर्सी घातली.
काठ कोबीच्या पानासारखा कुरळा.
चकती दीडवर नेली:
पुढचे दात भराभर, मागचे सावकाश.
पुन्हा शिवली. सपाट.
त्या काही बोलल्या नाहीत, फक्त अंगठा फिरवला काठावरून.

"पातं बंद करता येतं?"
येतं.
"रित्वाच्या कन्फर्मेशनच्या झग्याची बाही
जुन्या मशीननं आदल्या रात्री कापली.
पात्याला काय, समोर येईल ते जास्तीचंच."

मला वाटलं, झालं. पावतीपुस्तक उघडलं.
"आता सगळे दोरे काढ," म्हणाल्या,
आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.
"घरी तो वेळेवर सापडत नाही."

निळी खूण, हिरवी खूण. वरचा लूपर झाला.
खालच्यापाशी, त्या आडव्या बोळात,
चिमटा दोनदा निसटला.
बोटांच्या पेरांना गाठी होत्या.
मी हात पुढे केला.
"रात्री दोरा तुटल्यावर
येणार आहेस का घरी?"
मी हात मागे घेतला.

अकरा मिनिटं. बाहेर बर्फ काढणारी गाडी दोनदा गेली.
तेच मशीन घेतलं. फरकाच्या पैशात, म्हणाल्या,
तीन हिवाळ्यांचं कापड येतं.

सहा वर्षं मी ही मशीनं विकतोय.
नवं मशीन दोरे ओवूनच येतं.
रंग बदलायचा तर जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढायचा,
एवढंच मला येत होतं.

दुकान बंद केलं, एकच दिवा ठेवला,
सगळे दोरे काढले.

चिमटा चारदा निसटला.
मी चष्मा लावत नाही.