पन्नास चौरस मीटर

निकुंभ भाऊसाहेब आले ते दोरी, चार खुंट्या,
वजनकाटा आणि कागदावर आधीच पडलेले
दोन आकडे घेऊन:
लांबीकडून एकोणीस पावलं, रुंदीकडून सात.
"जागा मी निवडत नाही मावशी, आकडे निवडतात."
म्हटलं, निवडू द्या.

ते पावलं मोजत चालले
आणि मी त्यांच्यामागे मुठी मोजत.
तीस गुंठे मका, युरियाची एक गोणी.
दुसरी हवी तर सोबत झिंकची पिशवी घ्या,
म्हणाला होता येवल्याचा दुकानदार.
नको म्हटलं. एकीतच भागवलं.
बांधापासून निघाले तेव्हा मूठ गच्च होती,
मधल्या तासांना अर्धी,
नाल्याकडच्या शेवटच्या सहा तासांवर
नुसती गोणी झटकली.
अळीसाठी राख मात्र पोंग्यापोंग्यात भरली,
तिथे हात आखडला नाही,
राख घरचीच.

खुंट्या ठोकल्या नाल्याकडेच.

मी उत्तरेच्या कोपऱ्याकडे बोट केलं.
वैशाखात लहानू कोळप्याची मेंढरं
तिथे तीन रात्री बसली होती,
दोन पायली बाजरीवर.
तिथला मका रस्त्यावरूनही ओळखू येतो,
काळाभोर, रुंद पानांचा,
एकेका ताटाला दोन दोन बिट्ट्या.
"तिथलं पण मोजा की."
"तसं चालत नाही, मावशी."

साडेतेरा किलो भरल्या.
जाऊ बांधावरून म्हणाली, बरंच झालं,
कमी भरलं तर विम्याचं काही होईल.
होईलही.
भाऊसाहेबांनी फॉर्म भरला:
बियाणं कुठलं, खत किती, पाणी किती वेळा.
मेंढरांना रकाना नव्हता.
सगळ्यात खाली 'इतर' होतं, त्यावर त्यांनी
एक आडवी रेघ ओढली.
चहा घेतला. साखर कमी चालते म्हणाले.

गाडी चिंचेपलीकडे गेल्यावर
मी शेळीचं दावं सोडलं,
त्याला लुगड्याचा काठ जोडला,
आणि त्यांच्या खुंट्यांच्या भोकांमधलं अंतर
पावलांनी आणून
उत्तरेच्या कोपऱ्यात तेवढाच चौकोन आखला.
एकटीनेच खुडलं.
कांद्याच्या काट्यावर तोललं,
पाटीचं वजन वजा केलं,
पुन्हा एकदा तोललं.

चोवीस.

दाराच्या चौकटीवर कोळशाने आकडा लिहिला.
खाली जागा उरली होती, म्हणून लिहिलं:
मेंढरं, तीन रात्री.
शेळी तोवर
नाल्याकडचा मका खात होती.