खोली: बारा मिलिमीटर

ड्रॉइंगवर लिहिलेलं, खोली: बारा मिलिमीटर,
कमीजास्त दोन शतांश.
मी डेप्थ गेज सोडला. तो जात राहिला.
दांडी संपली, तळ लागला नाही.

अंबडची शेड, सेकंड शिफ्ट, कूलंटचा आंबूस वास,
टेबलावर हातभर अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा,
त्यात कोरलेलं एक साधं चौकोनी पॉकेट.
वाल्मीक खैरनार, ऑपरेटर, हात पुसत म्हणाला,
मॅडम, मोजू नका.
ही राहायची खोली आहे.

त्याने आत द्राक्षं ठेवली,
मेव्हण्याने दिंडोरीहून पाठवलेली, हिरवी, देठासकट.
चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची.
भोंगा झाला तेव्हा बाहेर निघाले ते बेदाणे.
आम्ही खाल्ले. गोड होते.
मी हिशोब मांडला, माझं कामच ते:
आपलं एक मिनिट म्हणजे आतला
एक दिवस, एक रात्र.

दुसऱ्या दिवशी मी हात घातला. उजवा, मनगटापर्यंत.
बहिणीच्या लग्नाची मेंदी होती दोन्हींवर.
चहा संपला तेव्हा डावा अजून मांडवात,
आणि उजवा
पंधरवडाभर भांडी घासून आलेला.
आई म्हणाली, मेंदीच खोटी.

मी लाल टॅग लावला, ठोकळा रिजेक्टच्या पिंजऱ्यात ठेवला.
चावी माझ्याकडे असायची.
चावी मीच द्यायचे.

वाल्मीक आख्खा जायचा, पँट चढवावी तसा,
आधी एक पाय, मग दुसरा, मग श्वास सोडून उरलेला.
सुरुवातीला वीस सेकंद. आठ तासांची झोप.
चुंचाळ्यात त्याच्या घरी एका खोलीत सहाजण झोपतात.
मग जेवणाची सगळी अर्धी तास:
शेव-मुरमुऱ्यांचं पोतं, पाण्याचे जार, घोंगडी,
अख्खा महिना.

काय करतोस रे आत एवढं?
काही नाही. बसतो.
पांडवलेण्यात बसत असेल ना कुणी, तसं.
तिथं भोंगा नाही, मॅडम,
किती वाजले, असं कुणी विचारत नाही.

मला राग आला, खरं सांगते.
मी असते तर डिप्लोमा केला असता,
स्वेटर विणले असते, इंग्रजी शिकले असते.
एवढा वेळ, आणि हा माणूस
नुसता बसून खर्च करतो.

संक्रांतीपासून आखाडापर्यंत चाललं हे.
मग बोथरा साहेबांच्या कानावर गेलं.
ते चिडले नाहीत. खुर्ची ओढून बसले.
एका चहात पंधरा दिवसांचं प्रॉडक्शन, म्हणाले,
आणि पंचिंग मशीन तर बाहेरच राहणार,
तिला काय कळतंय?
दहा नावांची यादी करा.

त्या रात्री वाल्मीकने चावी मागितली.
ठोकळा व्हाइसमध्ये आवळला, फेस कटर लावला,
शून्य घेतला,
आणि वरून बारा मिलिमीटर उतरवले.
वेगळा आवाज वगैरे काही झाला नाही.
कीस उडाला, कूलंट वाहिलं.
खाली सपाट, चकचकीत धातू.
मी गेज टेकवला. टेकला.
रिपोर्टात लिहिलं: पॉकेट आढळलं नाही.
सही केली.

आता रंगनाथ, त्याचा थोरला, मोटरसायकल घेऊन
गेटवर न्यायला येतो.
वॉचमन त्याला विचारतो, वडील का तुमचे?
कागदावर वाल्मीक चव्वेचाळीसचा आहे.
निवृत्तीला चौदा वर्षं.

काल चहाला म्हणाला, मॅडम, किती वाजले?
मी मनगट पुढे केलं.
त्याने लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं.
चार मिनिटं आहेत की अजून, म्हणाला.
पुष्कळ झाली.

आणि बाकावर सरकून
मला जागा केली.