कोलनवॉटर

तापात आई कपाळावर पट्टी ठेवायची,
गार पाण्याच्या वाटीत
निळ्या लेबलाच्या बाटलीतले चार थेंब.
त्या वासाला एक गाव आहे
हे मला विसाव्या वर्षी कळलं,
नारायण पेठेत, लोहोकरे सरांच्या माडीवर,
संध्याकाळी सहाच्या जर्मनच्या शिकवणीत.

"कोलोन म्हणजे काय? कॉलनी!
रोमन शिपायांनी ऱ्हाईनकाठी वसवलेली.
दोन हजार वर्षांत दुसरं नाव सुचलं नाही कुणाला.
तुमची ती कर्वेनगरची कॉलनी, तसंच."
आम्ही हसलो. सर हसले नाहीत.
ते फक्त विभक्ती चुकली की हसत.

मग फळ्यावर नदी काढली, काठावर कॅथिड्रल,
एक मनोरा अर्धा, आणि त्या अर्ध्यावर क्रेन.
"लाकडी. चारशे वर्षं तशीच उभी.
पैसे संपले, गवंडी मेले, गवंड्यांचे पणतू मेले,
ही आपली मान वाकवून नदीकडे बघतेय.
पोरांना वाटायचं, देवळाला कळस असाच असतो."
पूर्ण झालं तेव्हा, सर?
"तेव्हा काय. क्रेन उतरवली.
म्हातारे म्हणाले असतील, आता गाव ओळखू येत नाही."

युद्धात सगळं सपाट झालं, मनोरे राहिले.
चमत्कार हा शब्द सरांनी वापरू दिला नाही.
"चौदा बॉम्ब लागलेत त्याला.
छपरावर रात्रपाळीला माणसं होती, वाळूच्या बादल्या घेऊन.
वाक्यात कर्ता लिहायला शिका."

सरांच्या शब्दकोशाला पानशेतचा वास.
एकसष्टच्या जुलैत तळमजल्यावरच्या ट्रंकेत होता,
तिसऱ्या दिवशी मिळाला, विटेसारखा.
एकेक पान सुटं करून वाळवलेलं.
'के'ची पानं उघडली की अजून
तपकिरी पूड पडायची टेबलावर.
सर ती तळहातावर गोळा करून
परत पानांत घालत.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये
तिकडे भुयारी रेल्वेच्या खोदकामात
गावाचं दप्तरखाना कोसळलं,
हजार वर्षांचे कागद चिखलात.
सरांनी त्याच रात्री पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात:
कागद उन्हात वाळवू नयेत. सावलीत.
मध्ये टीपकागद. घाई नको. स्वानुभव.
चौदा महिन्यांनी उत्तर आलं, दोन ओळींचं:
आभारी आहोत. आम्ही ते गोठवून वाळवतो.
"गोठवून!" सर आठवडाभर म्हणत होते,
कौतुकाने की रागाने, नाही सांगता येत.

मी तिथे कधी गेले नाही.
कॅथिड्रलच्या समोरच्या काठावर बनणाऱ्या
इंजिनांची माहितीपुस्तकं मराठीत आणते,
भोसरीतल्या कारखान्यांसाठी.
बोल्ट घट्ट आवळावा. तेलाची पातळी रोज पाहावी.
म्हणतात, देऊळ अख्खं दिसतं ते त्याच काठावरून.

मुठेच्या पात्रात मेट्रोचे खांब उभे राहिले
तेव्हा सरांना काठी धरून पुलावर नेलं होतं.
क्रेनकडे बघत म्हणाले, किती दिवस झाले हिला?
दोन वर्षं, सर.
"मग राहिली तीनशे अठ्ठ्याण्णव."
हसले. मी विभक्ती आठवून पाहिली, कुठे चुकली नव्हती.

क्रेन गेली. त्याआधी सर गेले.
शब्दकोश माझ्याकडे आला, खाकी कव्हरात.
काल एका झडपेला शब्द सापडेना,
संगणक सोडून 'के' उघडलं.
शब्द नव्हताच तिथे, इतका जुना कोश.
चिमूटभर मुठा तळहातावर घेऊन
उभी राहिले जरा वेळ,
आणि खाली कुरिअरवाल्याने बेल दाबली.