डावा डबा

पितालितोच्या गोदामात एदिल्मा
बावीस वर्षं दाणे निवडते आहे.
फुटका, किडका, काळा: डाव्या डब्यात.
उजवीकडचे जहाजानं जातात,
कुठे, ते पोत्यावर छापलेलं असतं.

डावा डबा आमचा.
चारच्या सुट्टीत तोच भाजून, उकळून,
वर गुळाचा खडा,
कडूपणा दबेपर्यंत.

यंदा नवा साहेब आला, येसन, पोरगेलासा.
म्हणाला, आजपासून उजवीकडचं प्या,
कंपनीच्या खर्चानं.
आणि स्वतःच किटली धरून उभा राहिला.
हात जरा थरथरत होता.

सवयीनं गुळाकडे गेलेली बोटं
एदिल्मानं मागे घेतली.
एक घोट.
मग कप नाकाशी धरून
बराच वेळ गप्प.
"हे मुळातच गोड असतं होय?"
कोणालाच विचारलं नव्हतं तिनं.
मिरेयानं कप खाली ठेवला,
परत उचलला.
येसन म्हणाला, अजून आहे, घ्या ना.

साडेचारला पट्टा सुरू.
एका दाण्यापाशी तिचा हात अडखळला,
चांगला होता तसा,
कडेला नुसती चीर.
डावीकडे नाही, उजवीकडेही नाही,
एप्रनच्या खिशात टाकला तिनं
आणि पुढचा उचलला.